दीपस्तंभ आणि लघुलहरी

परभणी जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. अर्थशास्त्राच्या तासाला मात्र दीपस्तंभ त्यांना भेटतोच. एका जहाजाने प्रकाश पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा उजेड कमी होत नाही. सार्वजनिक वस्तूचे हे ठरलेले उदाहरण. (इंग्लंडातील खाजगी दीपस्तंभांचा इतिहास मांडून रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये त्याला धक्का दिला, ही गोष्ट निराळी.)

परभणीकरांना याहून जवळचे उदाहरण आकाशवाणीचे. परभणी केंद्राच्या मध्यमलहरी दिवसा आसपासच्या जिल्ह्यांपुरत्या पोहोचतात. लघुलहरी मात्र आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. म्हणूनच किनारा दृष्टीआड झाल्यावरही खलाशाला खरखरीतून मायदेशीच्या बातम्या ऐकता येत. ऐकण्याला तासागणिक दाम नव्हता, कोण ऐकतो याची नोंदही नव्हती.

आज जहाजावर उपग्रहामार्फत इंटरनेट पोहोचले आहे. घरच्यांशी बोलता येते, ते रेडिओला कधीच साधले नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातील २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ही सोय शक्य तेथे पुरविण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. आकार घेतल्यास तो ‘वाजवी’ असावा, एवढेच. वाजवी कोणाच्या लेखी?

इकडे बीबीसीच्या हिंदी सेवेचे लघुलहरींवरील प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. श्रोते घटले, वीज महागली, हे हिशेब खोटे नाहीत. पण ते प्रक्षेपकाचे हिशेब आहेत. खलाशाच्या पगारातून जाणारा पैसा त्यांत धरलेला नाही. दीपस्तंभाचे शुल्कसुद्धा भारतीय बंदरांत जहाजाकडून घेतात, डेकवर उभ्या खलाशाकडून नव्हे.