रीस्टार्टच्या आधी दोन मिनिटं

मागच्या लेखांकात आपण टॉमकॅट बसवला, अ‍ॅप्लिकेशनची वॉर फाइल वेबअ‍ॅप्समध्ये टाकली आणि ८०८० पोर्टावर पान उघडून पाहिलं. आज त्याच्या दुखण्यांकडे वळू.

सुरूच न होणारा सर्व्हर तसा प्रामाणिक असतो. काय बिनसलं ते लॉगमध्ये लिहून मोकळा होतो. आपणच भलत्या ओळी वाचत बसतो. एक्सेप्शनचं शेपूट शंभर ओळींचं असलं तरी कामाची ओळ बहुधा सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’ची असते. तिथे ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ असेल तर पोर्ट आधीच कोणीतरी अडवलेला आहे, आणि तो कोणीतरी पुष्कळदा नीट बंद न झालेला आपलाच जुना टॉमकॅट निघतो. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असेल तर कोड नव्या जावासाठी कंपाइल झालाय आणि सर्व्हर जुन्यावर चाललाय. सोबतच्या आकड्यातून ४४ वजा करा: ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. लिसनर सुरू झाला नाही, एवढंच सांगून कॅटलिनाचा, म्हणजे टॉमकॅटचा मुख्य, लॉग गप्प बसला, तर त्याच फोल्डरमधली लोकलहोस्ट नावाची त्या तारखेची फाइल उघडा. खरं कारण तिथे असतं. ही फाइल न उघडता गेलेल्या रात्रींचा हिशेब कोणी मांडू नये.

टॉमकॅट ९ वर छान चालणारं अ‍ॅप्लिकेशन १० वर टाकलं की ४०४ येतो किंवा सर्व्हलेटचा क्लासच सापडत नाही. यात तुमच्या कोडचा दोष नाही, भांडण ट्रेडमार्कचं आहे. ओरॅकलने जावा ईई २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायला घेतलं, पण ‘जावाएक्स’ हे पॅकेजचं नाव पुढच्या बदलांसाठी वापरू देण्यावर दोघांचं जमलं नाही. म्हणून २०२० मध्ये जकार्ता ईई ९ या त्याच्या नव्या अवताराने सगळीकडे ‘जकार्ता’ लावलं, आणि टॉमकॅट १० तेच नाव मागतो. एका नावापायी जगभरच्या प्रोग्रामरांना इम्पोर्टच्या ओळी बदलायला लावणं मला आजही हास्यास्पद वाटतं. घाई असेल तर जुनी वॉर फाइल टॉमकॅट १० च्या ‘वेबअ‍ॅप्स-जावाईई’ फोल्डरमध्ये ठेवा. तो स्वतःच रूपांतर करून घेतो.

खरी पंचाईत दुसऱ्या जातीच्या सर्व्हरची. प्रोसेस चालू, पोर्ट उघडा, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि ब्राउझरमध्ये चक्र फिरतंय ते फिरतंयच. अशा वेळी रात्रपाळीचा सपोर्टवाला एकच गोष्ट करतो: रीस्टार्ट मारतो. सर्व्हर पळायला लागतो, तिकीट बंद होतं आणि पुराव्याची राख होते. मग तेच दुखणं पुढच्या आठवड्यात परत.

त्याऐवजी आधी थ्रेड डंप घ्या. जेस्टॅकला प्रोसेसचा क्रमांक द्या आणि आउटपुट फाइलीत साठवा. सर्व्हरवर पूर्ण जेडीके नसेल तर ‘किल -३’ चालतं. नाव भयंकर असलं तरी ते जावाला मारत नाही, सगळ्या थ्रेडांची हजेरी तेवढी छापायला लावतं. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्या. एकाच डंपमधून कोण क्षणभर थांबलाय आणि कोण कायमचा अडकलाय ते कळत नाही.

मग ‘एचटीटीपी-एनआयओ’ने सुरू होणारे थ्रेड बघा. टॉमकॅट मुळात असे जास्तीत जास्त २०० थ्रेड ठेवतो. त्यातले जवळपास सगळे डेटाबेस पूलच्या ‘बॉरोऑब्जेक्ट’पाशी थांबलेले दिसले तर निदान झालं. टॉमकॅटच्या नेहमीच्या पूलमध्ये, आपण काही सांगितलं नाही तर, कनेक्शनं असतात आठ. पंगत बसलीय, वाढपी दोनशे, आणि वरणाच्या बादल्या आठ! शिवाय कनेक्शनसाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादाही मुळात नसते, म्हणून एररही येत नाही. नव्या विनंत्या रांगेत स्वीकारल्या जातात, म्हणून बाहेरून सगळं जिवंत दिसतं.

आठचे ऐंशी करण्याआधी ती आठ कुठे अडकली ते मात्र बघा. कोडने कनेक्शन घेतलं आणि मध्येच एक्सेप्शन आल्यामुळे परत केलंच नाही, तर ऐंशीही संपतील, फक्त थोडी उशिरा. पूलच्या सेटिंगमध्ये ‘रिमूव्ह अबँडन्ड ऑन बॉरो’ आणि ‘लॉग अबँडन्ड’ चालू केलं, की कनेक्शन घेऊन बसलेल्या कोडचा माग लॉगमध्ये येतो. ती जागा सापडली की तिथे ट्राय-विथ-रिसोर्सेस लिहा. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, ही सोय आहे.

डंप वाचताना एक फसगत हमखास होते. डेटाबेसच्या किंवा दुसऱ्या सेवेच्या उत्तराची वाट बघत सॉकेटवर बसलेला थ्रेड ‘रनेबल’ म्हणून दिसतो. स्थिती वाचून तो कामात आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ताटकळलेला असतो. म्हणून स्थितीपेक्षा स्टॅकच्या वरच्या चार ओळींवर भरवसा ठेवा. मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरचा सॉकेट टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो. असा थ्रेड तिन्ही डंपमध्ये जागचा हललेला नसेल, तर आधी तो आकडा बदला.

मेमरीचं थोडक्यात. ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं की लोक डोळे मिटून हीप वाढवतात. पण पुढचे शब्द वाचा. ‘जावा हीप स्पेस’ असेल तरच तो विचार करा. ‘मेटास्पेस’ असेल तर वारंवार रीडिप्लॉय करताना जुने क्लास मेमरीत अडकून राहिले असण्याची शक्यता मोठी. ‘नेटिव्ह थ्रेड’ बनवता येत नसल्याची तक्रार असेल तर हीप वाढवल्याने उलट नुकसानच होतं. आणि लॉगमध्ये एकही ओळ न लिहिता जावा नाहीसा झाला, तर लिनक्सचा कर्नल लॉग ‘डीमेसेज’ने बघा. मशीनची मेमरी संपत आली की कर्नल सगळ्यात गलेलठ्ठ प्रोसेस हेरून मारतो, आणि ती बहुतेक वेळा आपलीच असते.

‘हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ हा जेव्हीएमचा पर्याय आजच चालू करून ठेवा आणि डिस्कवर निदान हीपएवढी जागा मोकळी ठेवा. तो डंप एक्लिप्सच्या मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडून कसा वाचायचा, ते पुढच्या आठवड्यात.