एकच सेल, दोन दिशा

तांब्याच्या मुलाम्याकडे या आठवड्यात वळायचं ठरलं होतं, पण तो भाग पुढे ढकलतो. बारावीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : व्होल्टाइक सेलमध्ये ॲनोड ऋण आणि इलेक्ट्रोलिटिक सेलमध्ये धन, हे पाठ कसं ठेवायचं? माझं उत्तर असं की पाठ करायची गरजच नाही. या दोन सेलना दोन रकान्यांत समोरासमोर मांडल्याने ती दोन निराळी उपकरणं वाटू लागतात. खरं तर फरक उपकरणाचा नसून प्रवाहाच्या दिशेचा आहे.

गेल्या आठवड्यातला डॅनियल सेल मोडू नका. झिंक सल्फेटमधली जस्ताची पट्टी, मोरचुदाच्या द्रावणातली तांब्याची पट्टी आणि मधला क्षारसेतू तसाच राहू द्या. आता व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा डीसी पुरवठा घ्या, त्याचं धन टोक तांब्याला आणि ऋण टोक जस्ताला जोडा. पुरवठा १.१० व्होल्टपेक्षा कमी असेल तोवर सेलचाच जोर चालतो : जस्त विरघळतं, तांबं साचतं. बरोबर १.१० व्होल्टला ॲमीटरचा काटा शून्यावर येतो. त्यापुढे नेलं की तांबं विरघळू लागतं आणि जस्त साचू लागतं. ऑक्सिडेशन होतं तो ॲनोड, एवढी एकच व्याख्या धरली तर ॲनोडपण जस्ताकडून तांब्याकडे गेलं. जस्त मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऋण टोकच राहिलं आणि तांबं धन. पाठ करायला सांगितलेली दोन वाक्यं या एकाच निरीक्षणातून निघतात.

हाच प्रयोग शिरवळला महामार्गालगतच्या बॅटरीच्या दुकानांत रोज चालतो. ट्रकच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २ व्होल्टचे सहा सेल असतात. स्टार्टर फिरवताना शिशाची पट्टी ॲनोड असते. बॅटरी चार्जिंगला लावली की तीच पट्टी कॅथोड होते, पण चार्जरचा ऋण चिमटा बॅटरीच्या ऋण टोकालाच लागतो. बॅटरीवाल्याला हे नेमकं माहीत असतं. आम्लात हायड्रोमीटर बुडवून तो जी घनता पाहतो, तीही याच दोन दिशांची नोंद आहे : वीज देताना आम्ल खर्च होऊन घनता उतरते, चार्जिंगमध्ये पुन्हा १.२८ च्या आसपास चढते. या बॅटरीचा जन्मही उलट प्रवाहाच्या अभ्यासातून झाला. गास्तों प्लांते इलेक्ट्रोलिसिसमधल्या धातूच्या पट्ट्यांचं ध्रुवीकरण तपासत होता. शिशाच्या पट्ट्या आपल्यात साठलेली वीज परत देतात हे त्याने हेरलं आणि १८५९ मध्ये बॅटरी साकारली.

यावर आक्षेप येईल : मग टॉर्चचा साधा सेल चार्ज का होत नाही? कारण उलट दिशेने जायला आधीच्या क्रियेतून तयार झालेला पदार्थ पट्टीवरच हाताशी असावा लागतो. लेड सल्फेट अविद्राव्य असल्यामुळे पट्टीला धरून राहतं. टॉर्चच्या सेलमध्ये जस्त विरघळून पसरतं, इतर संयुगांत अडकतं आणि पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या रूपात परतत नाही. शिशाची बॅटरीही महिनोन्‌महिने उतरलेली ठेवली तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, मग तिलाही परतणं अवघड जातं. म्हणजे अडचण पदार्थाच्या अवस्थेची आहे, तत्त्वाची नाही. दुसरा आक्षेप पाण्याच्या विघटनाचा : तिथे आधी कुठला सेल होता? विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणून वीज मिळवली. विघटनाची उलट वाट त्याने चालून दाखवली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. मोरचुदाच्या एकाच द्रावणात दोन्ही पट्ट्या तांब्याच्याच असतील तर त्या सेलचं स्वतःचं व्होल्टेज शून्य. त्याला स्वतःची अशी दिशाच नाही. मग उलटवायचं काय? इथे ‘फरक फक्त दिशेचा’ हा माझा नियम मोडत नाही, त्याची सीमा दिसते : कितीही थोडं व्होल्टेज दिलं तरी तांबं एका पट्टीवरून दुसरीकडे जाऊ लागेल, फक्त फार सावकाश. मग मुलामा देणारे कारागीर काही व्होल्ट का लावतात? राहिलेला भाग पुढच्या आठवड्यात याच प्रश्नापासून सुरू करू.