आकाशमार्गाचे अंतर आणि घड्याळाचा वेळ

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर हे गाव आहे. कन्नड भाषेत ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. येथील डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर असून तेथे जाण्यासाठी सुमारे 3,000 पायऱ्या चढाव्या लागतात. पायथ्याशी उभे राहिले असता माथा जवळ भासतो. चढू लागल्यावर खरे अंतर कळते. दूरच्या विमानप्रवासातही नकाशावर दिसणारे अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांत असाच फरक असतो.

बंगळूर व अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांचे उदाहरण पाहू. प्रचलित सपाट नकाशावर त्यांना जोडणारी सरळ रेघ अटलांटिक महासागर आणि आफ्रिका खंड ओलांडून जाते. मात्र पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. गोलावरील या सर्वांत जवळच्या मार्गाला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. त्याने हे अंतर सुमारे 14,000 किलोमीटर भरते.

9 जानेवारी 2021 रोजी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि ध्रुवप्रदेशावरून, वाटेत कोठेही न थांबता, बंगळूरला आले. त्याच्या चारही वैमानिक महिला होत्या. नेतृत्व कॅप्टन झोया अग्रवाल यांच्याकडे होते. पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या त्यांच्या सहकारी होत्या. प्रवासाला सुमारे 17 तास लागले. म्हणजेच सरासरी वेग ताशी 820 किलोमीटरांच्या आसपास होता.

हे विमान 9 तारखेला रात्री साडेआठला निघाले आणि 11 तारखेला पहाटे तीनच्या सुमारास उतरले. या वेळांची नुसती वजाबाकी केली, तर उत्तर 30 तासांहून अधिक येते. याचे कारण असे, की निघण्याची वेळ तेथील घड्याळाची आणि पोहोचण्याची वेळ येथील घड्याळाची असते. जानेवारीत भारताचे घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेतेरा तास पुढे असते. तेथे 9 तारखेचे रात्रीचे साडेआठ, तेव्हा येथे 10 तारखेचे सकाळचे दहा. त्यांत 17 तास मिळवले, की हिशेब जुळतो. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे केली जातात. तेव्हा हा फरक साडेबारा तासांचा होतो.

वाऱ्याचाही परिणाम होतो. उंचावरील वारे आपल्या अक्षांशांच्या उत्तरेस बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा सामान्यतः अधिक वेळ लागतो.

हे गणित केवळ वैमानिकांच्या उपयोगाचे नाही. परदेशातून पहाटे येणाऱ्या मुलीला आणण्यासाठी बेट्टदपुरहून निघालेल्या आईवडिलांना दोनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता कापायचा असतो. तिकिटावर 11 तारीख दिसली, तरी त्यांना 10 तारखेच्या संध्याकाळीच घर सोडावे लागते. तारीख आणि वेळ नीट वाचता आली नाही, तर मुलगी विमानतळावर ताटकळत राहते आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.