नवोदित खेळाडूंना ज्युदोचे प्राथमिक अध्यापन : पतनकौशल्याचे महत्त्व

प्रस्तावना :
जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियो येथे कोदोकान संस्था स्थापन करून ज्युदोचा पाया घातला. कानो हे स्वतः शिक्षक होते. जुजुत्सुतील घातक डाव मुक्त सरावातून वगळून त्यांनी या युद्धकलेस शिक्षणाचे रूप दिले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा समावेश झाला. प्रतिस्पर्ध्याला फेकणे हे या खेळाचे आकर्षण असले, तरी त्याच्या अध्यापनाचा आरंभ पडण्यापासून होतो. प्रस्तुत लेखात या क्रमामागील कारणमीमांसा स्पष्ट केली आहे.

पतनकौशल्याचे स्वरूप :
सुरक्षित पडण्याच्या तंत्रास 'उकेमी' म्हणतात. मागे, बाजूला, पुढे आणि पुढे कोलांटी घेऊन पडणे असे त्याचे चार प्रमुख प्रकार आहेत. मागे पडताना हनुवटी छातीकडे ओढून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी लागते; त्यामुळे डोके जमिनीपासून दूर राहते. हात शरीराशी सुमारे ३० ते ४५ अंशांचा कोन करून तळहातापासून कोपरापर्यंत एकाच वेळी गादीवर आपटले जातात व आघात विस्तृत भागावर विभागला जातो. तोल जाताच हात मागे टेकणे ही माणसाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. परंतु तिच्यामुळे मनगट, कोपर वा गळपट्टीच्या हाडास इजा होते. ही सवय मोडण्यास पुनरावृत्तीखेरीज उपाय नाही.

अध्यापनाचा क्रम :
प्रथम आडवे झोपून, नंतर बसून, उकिडवे बसून, उभे राहून आणि शेवटी चालताना असा सराव द्यावा. त्यानंतरच जोडीदारासह सावकाश फेक शिकवावी. फेकणाऱ्याने जोडीदाराची बाही अखेरपर्यंत धरून त्याचे पडणे सावरावे. जोडीदाराची सुरक्षितता ही फेकणाऱ्याचीही जबाबदारी आहे, हा संस्कार येथेच होतो.

जपानमधील अनुभव :
या क्रमाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे ज्युदोच्या जन्मभूमीतच दिसून आले. १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत तेथील शाळांत ज्युदोशी संबंधित शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले. त्यांत नुकताच खेळ सुरू केलेल्या मुलांचे प्रमाण मोठे होते. ओसोतोगारीसारख्या मागे पाडणाऱ्या डावात डोक्याला जोराचा झटका बसतो. डोके प्रत्यक्ष आपटले नाही, तरी या झटक्याने मेंदूवरील शिरा फाटून रक्तस्राव होऊ शकतो. २०१२ मध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळांत युद्धकला अनिवार्य झाल्या, तेव्हा हा प्रश्न सार्वजनिक चर्चेचा विषय बनला. पुढे २०२२ मध्ये जपानी ज्युदो महासंघाने प्राथमिक शालेय वयोगटाची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. कोवळ्या वयात विजयालाच सर्वस्व मानण्याची वृत्ती हे त्यामागील कारण होते.

निष्कर्ष :
स्पर्धेची तारीख जवळ आली की पतनकौशल्याचा सराव प्रथम आटोपता घेतला जातो. वास्तविक खेळाडू स्पर्धेस पात्र आहे किंवा नाही, हे तो थकलेल्या अवस्थेतही सुरक्षित पडू शकतो का, यावरून ठरावयास हवे. डोक्यास मार लागल्यावर डोकेदुखी, मळमळ किंवा गोंधळलेपणा जाणवणाऱ्या विद्यार्थ्यास त्वरित सरावातून बाहेर काढून वैद्यकीय तपासणीस पाठवावे व डॉक्टरांच्या अनुमतीविना पुन्हा गादीवर उतरू देऊ नये. अशा विद्यार्थ्याची 'मी खेळू शकतो' ही ग्वाही प्रशिक्षकाने प्रमाण मानता कामा नये.