विमा कंपनी ‘नाही’ म्हणाली, तर पुढे काय?



बैठकीत विम्याचा विषय निघाला की हप्ता किती आणि कार्ड कुठं काढायचं, एवढंच बोलणं होतं. क्लेम नाकारला तर काय करायचं, हे कुणी विचारत नाही. त्यात घरातलं लेकरू तृतीयपंथी असेल, तर चारचौघांत कसं सांगायचं म्हणून नकाराचा कागद पेटीत जातो. तो कागद बाहेर काढा आणि कारण काय लिहिलंय ते आधी वाचा.

समजा, गटातल्या एका ताईचं लेकरू जन्माला आलं मुलगा म्हणून, आता मुलगी म्हणून राहतं. डेंग्यू झाला, दवाखान्यात ॲडमिट केलं आणि कंपनीने क्लेम नाकारला. कारण बहुतेक या दोनपैकी एक असेल.

१) नावाचा घोळ. पॉलिसीवर जुनं नाव आणि ‘पुरुष’, केसपेपरवर नवं नाव आणि ‘स्त्री’. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळतं. अर्ज सरकारच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा. प्रमाणपत्र आलं की आधार, पासबुक, पॉलिसी सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या. हे आजारपण यायच्या आधी उरका.

२) ‘लिंगबदल उपचार वगळले आहेत’ हे कलम. खासगी पॉलिसीत ते ०७ क्रमांकाच्या अपवादात असतं. पण ते फक्त लिंगबदलाच्या उपचारांपुरतं आहे. डेंग्यू, अपेंडिक्स, अपघात यांचा त्याच्याशी काय संबंध? या कलमाखाली तापाचा क्लेम नाकारला, तर तिथं नक्की भांडायचं. उपचारात भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने मनाई केली आहे.

मग लिंगबदलाच्या उपचारांचा खर्च कुणी करायचा? त्या उपचारांसाठी विम्याची सोय सरकारने करावी, असं त्याच कायद्यात म्हटलं आहे. २०२२ मध्ये केंद्राने ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ जाहीर केली. ओळख प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, त्यात हे उपचारही धरले आहेत. मात्र योजनेत नोंदलेल्या दवाखान्यातच लाभ मिळतो. म्हणून दाखल होण्याआधी १४५५५ वर फोन करून विचारा.

खासगी पॉलिसीचा क्लेम नाकारला, तर या क्रमाने जा :

• नकार लेखी घ्या. कोणत्या कलमाखाली नाकारला, ते त्यात लिहिलेलं हवं.
• डॉक्टरांकडून आजाराचं नाव स्पष्ट लिहून घ्या.
• कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.
• ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. आपल्या राज्यात मुंबई आणि पुण्याला कार्यालय आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. लोकपालाचा निर्णय कंपनीला पाळावा लागतो.

सरकारी योजनेच्या कार्डावर अडलं, तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

ताई, एकटी आई काउंटरवरून लवकर परत फिरते. म्हणून अर्ज लिहायला गटातली लिहिती-वाचती बाई बसवा आणि कार्यालयात जाताना दोघी सोबत जा. आपल्या गटात अशी आई असेल, तर तिला आधी एवढंच विचारा, ‘कागद कुठं ठेवलाय?’