पोटाला मार लागला, कावीळ नंतर झाली!

बाईक किंवा सायकल चालवत असाल तर आजचा भाग नीट ऐका. गाडी घसरते, हँडलचं टोक पोटात घुसतं. बाहेर जखम नाही, फक्त काळानिळा डाग. आत मात्र पित्तनलिका फाटलेली असू शकते.

आपलं यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते या नळीतून लहान आतड्यात उतरतं. धक्क्याने यकृत हलतं, पण नळी स्वादुपिंडापाशी घट्ट धरलेली असते, म्हणून ताण तिथे येतो. अर्थात मुख्य नळी फाटणं दुर्मिळच. यकृताला चीर पडून आतली छोटी नळी गळणं जास्त दिसतं.

रक्तस्राव लवकर गोंधळ घालतो, पित्त मात्र गप्प बसतं. जंतू नसलेलं पित्त पोटात सांडलं तरी सुरुवातीला फारसं दुखत नाही. पेशंट घरी जातो. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत हा मेमरी लीक: अ‍ॅप चालू, अलर्ट नाही. मग काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, पोट फुगतं, भूक मरते, ताप येतो, डोळे पिवळे होतात. तेव्हा डॉक्टरांना तो जुना मार आठवणीने सांगा, कारण तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

सोनोग्राफी, सीटीमध्ये पोटात पाणी दिसतं. ते रक्त की पित्त, हे स्कॅनवरून खात्रीने कळत नाही. मग सुईने पाणी काढून बिलिरुबिन मोजतात. रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त निघालं, तर पित्तच. गळती अजून चालू आहे का, ते हायडा स्कॅन दाखवतो. नळ्यांचा नकाशा एमआरसीपी देते.

मला सगळ्यात भारी वाटते ती ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालून नळीच्या तोंडाशी असलेली स्नायूची झडप थोडी कापतात, किंवा नळीत स्टेंट बसवतात. फाटलेल्या जागेला टाका नाहीच! आतड्याकडचा रस्ता सोपा झाला की पित्त भोकाकडे जात नाही, आणि भोक बहुतेक वेळा आपोआप भरतं. आधीच साचलेलं पित्त पोटात बारीक नळी घालून बाहेर काढतात.

नळी पूर्ण तुटली असेल तर मात्र ऑपरेशन. आतड्याचा भाग वर आणून यकृताकडच्या नळीला जोडतात. पेशंट फार नाजूक असेल तर आधी फक्त पित्त बाहेर काढतात, जोडणी नंतर.

आणि हो, प्लास्टिकचा स्टेंट काही आठवड्यांनी काढावा लागतो. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवली, तर तो तुंबतो आणि थंडी वाजून ताप येतो.