दावे पक्के, पण खुंट्याचे काय? जुन्या उघड्या जीपला सीट बेल्ट बसवताना

सातपुड्याच्या घाटरस्त्यांना जीप नवी नाही. महिंद्र कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे त्याच वळणाच्या गाड्या खेड्यापाड्यात पोचल्या. आजही एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यात ताडपत्रीचे छत असलेली, दरवाजे नसलेली जुनी जीप उभी दिसते. हौस म्हणून म्हणा, की गरज म्हणून, ती अजून चालते. मात्र तिला सीट बेल्ट नसतो. पुढच्या आसनांना पट्टा देणे कारखानदारांवर बंधनकारक झाले ते 1994 पासून. त्याआधीच्या गाडीला पट्टा हवा असेल तर तो मालकानेच बसवून घ्यायचा.

"उघड्या गाडीला पट्टा कशाला? गाडी दरीत चालली तर उडी तरी मारता येते," असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ही समजूत धोक्याची आहे. गाडी कलंडते तेव्हा उडी मारायला वेळच मिळत नाही. माणूस बाहेर फेकला जातो, खडकावर आपटतो किंवा गाडीखाली सापडतो. मोठ्या बंद गाडीतही पट्ट्यावाचून निभाव लागत नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. दरवाजेच नसलेल्या जीपचे मग काय सांगावे?

आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये आणला. आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा ही त्याचीच सुधारलेली तऱ्हा. त्याच्या रिळात एक स्प्रिंग असते, ती पट्टा अंगाबरोबर ताणून धरते. शिवाय एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. करकचून ब्रेक लागला किंवा गाडी फार कलली, की तो सरकतो आणि रीळ अडकते. म्हणून रीळ कंपनीने सांगितलेल्या कोनातच बसले पाहिजे. मिस्त्रीने सोयीसाठी तिरपे ठोकले तर पट्टा एक तर ओढलाच जाणार नाही, नाही तर ऐन वेळी अडकणार नाही. गाडी तीव्र चढावर उभी असतानाही काही रिळे अडकतात. तेव्हा घाट लागण्याआधी, सपाटीवरच पट्टा लावून घ्यावा.

खरी अडचण पुढेच आहे. बैलाचे दावे कितीही पक्के असो, खुंटा भुसभुशीत मातीत रोवला असेल तर बैल सुटणारच. पट्ट्याचेही तसेच. बंद मोटारीत वरचे टोक दारामागच्या खांबाला असते. जीपला तो खांबच नाही. मग काही जण वरचे टोक आसनाच्या पाठीला किंवा मागच्या पत्र्याला खाली जखडतात. हे चुकीचे आहे. वरचे टोक खांद्याच्या खाली असेल तर धक्का बसताच पट्टा खांदा खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो.

यावर उपाय म्हणजे आसनामागे जाड पाइपची भक्कम कमान, तिचे पाय चासीशी जोडलेले. वरचे टोक त्या कमानीला, खांद्याच्या उंचीला किंवा थोडे वर. गाडी उलटली तर हीच कमान डोक्यावरचा भार पेलते. उघड्या गाडीत पट्टा आणि कमान ही जोडी आहे, एकट्या पट्ट्यावर भागत नाही. ट्रॅक्टरलाही हेच लागू. कमान असेल तर पट्टा लावावा, कमान नसेल तर स्वतःला बांधून घेऊ नये.

खालची दोन टोके पत्र्यात नुसते भोक पाडून बसवू नयेत. जुन्या जीपचा तळ आतून गंजलेला असतो. आधी गंज काढून पत्रा बदलावा, खालून जाड लोखंडी प्लेट द्यावी आणि सीट बेल्टसाठीचाच 7/16 इंची, बारीक आट्यांचा बोल्ट वापरावा. बाजारातला साधा बोल्ट चालणार नाही. आसनही हलणारे नको. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. मागच्या आडव्या बाकांवर खांद्याचा पट्टा योग्य नाही.

भंगारातला, विशेषतः अपघात झालेल्या गाडीचा पट्टा घेऊ नये. एकदा जोराचा ताण सोसलेला पट्टा पुन्हा भरवशाचा राहत नाही. उघड्या गाडीत ऊन पट्टा कुजवते, मिरचीची आणि शेताची धूळ रिळात जाते. दर हंगामात पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा. कडा उसवल्या असतील किंवा झटका देऊन अडकत नसेल, तर बदलावा.

काम सुरू करण्याआधी नंदुरबारच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी 2021 मध्ये तोरणमाळजवळ खडकी घाटात मजुरांची गाडी कोसळली. 18 ऑक्टोबर 2025 रोजी अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदशैली घाटात उलटली. दोन्ही वेळा जीव गेले. हौद्यात दाटीने उभ्या असलेल्या माणसांना कोणताही पट्टा वाचवू शकत नाही. यात्रेच्या आणि मजुरीच्या हंगामात गावातून भरून निघणाऱ्या गाडीला सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांनी तिथेच अडवले पाहिजे. जीपमालकांनीही हिशेब साधा ठेवावा. पुढे पट्टे दोन असतील, तर पुढे माणसे दोनच. तिसरा शेजारी खेटून आणि चौथा ड्रायव्हरच्या बाजूला लटकून, हे बंद झाल्याशिवाय पट्ट्यावर केलेला खर्च वायाच जाईल.